कोटाची गोधडी

दिवाळी तोंडावर आली की घरोघरी माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरतात. ऑक्टोबरचे ऊन कडक असते, गच्ची मोकळी असते, आणि घरातली कर्ती बाई पदर खोचून उभी असते. ट्रंकेतून जे जे निघते त्याचे वाटे ठरलेले असतात. जरीचे पुन्हा कपाटात जाते. सुती असेल ते बोहारणीकडे, नाहीतर गोधडीच्या गाठोड्यात. आणि लोकरीचे? लोकरीचे तेवढे उन्हात उलटेपालटे होऊन, झटकून, दोन डांबरगोळ्या जास्त खाऊन, आल्या वाटेने त्याच ट्रंकेत परत जाते. बोहारीण त्याला हात लावीत नाही. घरात कोणी अंगात घालीत नाही. टाकून द्यायला मन होत नाही. कोणाचा तरी कोट, कोणाचा लग्नातला सूट, कोणाची तरी मफलर! दरवर्षी त्यांना कसरीची नवी भोके पडलेली असतात, आणि दरवर्षी आपण "अरेरे" म्हणून झाकण लावतो.

यंदा या सदरात मी त्या ट्रंकेविषयीच लिहिणार आहे. लोकरीच्या जुन्या कपड्याची गोधडी करता येते, आणि तीही साधीसुधी नव्हे, चांगली फुलापाखरांची, चंद्रचांदण्यांची. सुईचे काम त्यात फारसे अवघड नाही. अवघड आहे ते कात्रीचे. ते का, हे पुढे येईलच.

हे काम मी पाहिले ते अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात. लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणाला गेले होते. बाहेर गुडघाभर बर्फ, आत बाळंतीण आणि तान्हे बाळ. डिंकाचे लाडू संपले, मेथीचे संपले, आणि माझ्या हातांना काम उरले नाही. शेजारी एक ऐंशीच्या घरातल्या आजी राहात. त्यांनी माझी घालमेल ओळखली आणि एका गुरुवारी मला आपल्या चर्चच्या तळघरात घेऊन गेल्या. तिथे दहाबारा बायका लांब मेजाभोवती बसल्या होत्या. मेजावर चहा नव्हता, कॉफी होती. एवढे सोडले तर आपल्याकडचे भिशीमंडळच. तोंडे तशीच चाललेली आणि हातही.

त्यांच्या पुढ्यात लोकरीच्या कापडाचे तुकडे होते. जुन्या कपड्यांच्या दुकानांतून या बायका चुणीदार लोकरी स्कर्ट शोधून आणतात, कारण एका चुणीदार स्कर्टात कापड मायंदाळ निघते. ते धुऊन, आटवून, त्यातून पाने, फुले, डाळिंबे, पक्षी कातरतात आणि काळ्या किंवा राखी लोकरीवर मांडून सुईने टाचतात. कापडावर कापड टाचून नक्षी करायची, या कामाला ॲप्लिक म्हणतात हे आता आपल्याकडेही सर्वांना माहीत आहे. ओरिसातल्या पिपलीच्या छत्र्या आणि चांदवे कोणी पाहिले नाहीत? आपल्या शेजारी, उत्तर कानडा जिल्ह्यातल्या सिद्दी बायका कवंदी शिवतात, त्यातही तुकड्यावर तुकडा बसतो आणि चारी कोपऱ्यांना घडीची फुले लागल्याशिवाय गोधडी पुरी झाली असे मानीत नाहीत. पण ते सारे सुती. सुती तुकडा लावायचा म्हणजे त्याची कड आधी आत दुमडावी लागते, नाहीतर दोन धुण्यांत सूत सुटते. टोकदार पान असेल तर दुमडता दुमडता बोटांची सालटी निघतात.

या बायका मात्र कड दुमडीतच नव्हत्या. कातरले की ठेवले, ठेवले की टाचले. मी विचारले, "सूत सुटत नाही?" आजींनी एक तुकडा माझ्या हातात दिला आणि खुणेने म्हणाल्या, काढून बघ. मी नखाने ओढले, सुईने उकरले. एक धागा निघेल तर शपथ.

यातले इंगित सांगते. लोकर म्हणजे मेंढीचे केस. प्रत्येक केसावर माशासारखे बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि चोळणे हे तीन एकत्र आले की खवले उघडतात, केस एकमेकांत घुसतात आणि अडकून बसतात. एकदा अडकले की सुटत नाहीत. चुकून गरम पाण्यात पडलेला स्वेटर बाहुलीच्या मापाचा होतो तो यामुळेच. एरवी ज्याला आपण नासाडी म्हणतो, तीच या कामाची पहिली पायरी आहे. कापड आटते, जाड होते, विणीचे उभेआडवे सूत दिसेनासे होते आणि कातरलेली कड कातरलेलीच राहते.

अमेरिकेत ही रीत एकोणिसाव्या शतकात घरोघर होती. झिजलेले कोट, शाली, लोकरी टोप्या यांतून बायका गोल चकत्या कातरीत. माप म्हणून नाणे ठेवीत, म्हणून त्या आसनवजा कामाला 'पेनी रग' असे नाव पडले. मोठ्या चकतीवर मधली, मधलीवर लहान, प्रत्येकीची कड काजाच्या टाक्याने बांधलेली. नाव रग असले तरी ते जमिनीवर अंथरीत नसत. मेजावर, पेटीवर घालीत. खाली अस्तर म्हणून धान्याच्या पोत्याचा तुकडा. म्हणजे फुकटात जेवढे मिळेल तेवढ्यात घराला रंग आणायचा. आपली गोधडी यापेक्षा निराळे काय करते?

आणि ही युक्ती अमेरिकेची मिरासदारीही नाही. सैबेरियाच्या अल्ताई डोंगरात पाझिरिक येथे बर्फाने गोठलेली थडगी सापडली. सुमारे तेवीसशे-चोवीसशे वर्षांपूर्वीची. त्यांतल्या एकात भिंतभर मोठा नमद्याचा पडदा निघाला. त्यावर रंगीत नमद्याचे तुकडे टाचून घोडेस्वार आणि सिंहासनावर बसलेली देवता काढली आहे. आज तो लेनिनग्राडच्या, म्हणजे आता पुन्हा सेंट पीटर्सबर्ग झालेल्या शहराच्या हर्मिटेज संग्रहालयात आहे. किरगीझ बायका शिर्दक नावाचे नमदे करतात, त्यांची रीत मला फार आवडते. दोन रंगांचे नमदे एकावर एक ठेवून नक्षी एकदमच कापायची, आणि मग याची नक्षी त्याच्या खाचेत, त्याची याच्या खाचेत बसवून शिवायचे. चिंधीदेखील वाया जात नाही. युनेस्कोने 2012 साली ही कला जपण्याची निकड असलेल्या कलांच्या यादीत घातली. यादीत नाव आले की कला वाचते असे मी मानीत नाही, पण असो.

आता कात्रीकडे येते.

आमचे वडील, नाना, भुसावळला रेल्वेत गार्ड होते. 1951 साली जी. आय. पी.ची मध्य रेल्वे झाली, त्यानंतरच्या एका हिवाळ्यात त्यांना रात्रपाळीसाठी जाड निळा ओव्हरकोट मिळाला. भुसावळचा उन्हाळा सगळ्यांना ठाऊक आहे. हिवाळ्यातली खंडव्याच्या, इटारसीच्या बाजूची रात्र ज्यांनी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात काढली, त्यांना ती थंडी ठाऊक. नाना तो कोट निवृत्त होईपर्यंत वापरीत आणि निवृत्त झाल्यावर मॉर्निंग वॉकला वापरीत. ते 1994 साली गेले. तेव्हापासून कोट नाशिकला दादाच्या ट्रंकेत.

मी अमेरिकेहून हे वेड घेऊन परत आले त्याच सुमारास वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, "या वर्षी कोट उचलला तर पाठीतून ऊन दिसते. तुम्ही काही तरी करा, माझ्याच्याने आता ती ट्रंक उघडवत नाही." मी म्हटले, मी येते, त्याची गोधडी करू या. वहिनी एकदम गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "ह्यांना तुम्हीच सांगा."

दादाचे उत्तर मला घरबसल्या माहीत होते. "नानांच्या कोटाला कात्री? मी जिवंत असेपर्यंत नाही."

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाशी वाद घालायचा नसतो, आणि मोठ्या भावाशी तर नसतोच. तरी मी घातला. मी म्हटले, "दादा, आई गेली तेव्हा महिन्याभरात तिच्या सगळ्या नऊवाऱ्या मावशीने गोधड्यांना लावल्या. तू त्यातली एक घेतलीस, मी एक घेतली. तेव्हा कोणी म्हणाले का, आईच्या लुगड्याला कात्री? तुझी दोन्ही मुले त्या गोधडीवर मुतली आणि आपण हसलो."

दादा म्हणाला, "लुगड्याची गोष्ट वेगळी."

वेगळी कशी, हे त्याला सांगता येईना, आणि मला मात्र ते तेव्हा लख्ख दिसले. आपल्या घरांतून बाईचा कपडा तिच्यामागे कामाला लागतो आणि पुरुषाचा कपडा खुंटीला लागतो. आईचे लुगडे म्हणजे ऊब, फाटेपर्यंत पांघरायची. वडिलांचा कोट म्हणजे वडील. त्याला उन्हात घालून नमस्कार करायचा. मैत्रिणींनो, आपापल्या ट्रंका आठवून बघा, मी म्हणते ते खोटे निघाले तर मला कळवा. यात आईचा मान कमी आणि वडिलांचा जास्त असे मी म्हणत नाही. उलट मला तर वाटते, त्या दोघांत जास्त जगली ती आईच. तिच्या लुगड्याला कसर लागली नाही, कारण ते अंधारात पडून राहिलेच नाही.

कसरीचे हेच तर आहे. पतंग उडताना दिसतो म्हणून आपण त्याच्या मागे लागतो, पण तो काही खात नाही. खाते ती त्याची अळी, आणि तिला हवा असतो काळोख, शांतता आणि घामाचा वास राहिलेली लोकर. हलणाऱ्या, वापरातल्या कपड्यात ती फारशी रमत नाही. म्हणजे जितके जपून ठेवाल तितके तिचे फावते. हे मी दादाला सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि पेपर उघडला.

पेपराआडच्या दादाला मी मग शिपायांची गोष्ट सांगितली. ती तुम्हालाही सांगायची होतीच.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी पलटणींतले शिपाई गोधड्या शिवीत. होय, शिपाई, मिशाळ, बंदूकवाले. गणवेशाचे कापड घट्ट आटवलेल्या लोकरीचे असे. लाल, पिवळे, काळे, पांढरे, निळे. त्याची कड सुटत नाही म्हणून तुकड्याला तुकडा नुसता भिडवून शिवता येई. एकेका गोधडीत हजारो तुकडे. पुष्कळ गोधड्या इथेच, हिंदुस्थानातल्या छावण्यांत झाल्या. उन्हाच्या वेळी शिपायांना बराकीत काम नसे, आणि काम नसले की दारू आणि जुगार; तेव्हा सुई बरी, असे वरिष्ठांचेही मत होते. फ्रान्सिस ब्रेली नावाचा साधा शिपाई 1864 ते 1877 या काळात इथल्या पलटणीत होता. त्याने शिवलेली गोधडी लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहे. सेनापतींच्या तलवारी पुष्कळ ठिकाणी आहेत. शिपायाची गोधडी संग्रहालयात बघायला मिळावी याचे मला फार समाधान वाटते.

त्याच संग्रहालयात 1820 सालची आणखी एक आहे, ती अगदी आपल्या विषयातली. ॲन वेस्ट नावाच्या बाईने लोकरी कापडाचे तुकडे कातरून, टाचून मोठे पांघरूण केले. मधोमध जनावरांना नावे देणारा आदम, भोवती बायबलातल्या कथा, आणि त्यांच्याही भोवती गावातली माणसे आपापल्या उद्योगात. आपले नाव आणि साल तिने त्यावरच शिवून ठेवले आहे. ती बहुधा विल्टशायरची, म्हणजे लोकरी कापडाच्या मुलखातली. तुकड्यांना काय तोटा!

पण दादाला हलवले ते ॲन वेस्टने नव्हे. थॉमस वुड नावाच्या चित्रकाराने 1856 साली एक चित्र काढले आहे. थॉमस वॉकर नावाचा शिपाई, क्रिमियाच्या लढाईत डोक्याला जखम झालेला, इस्पितळातल्या खाटेवर बसून गोधडी शिवतो आहे. पांघरुणावर लाल-पिवळे तुकडे पसरलेले. मी ते चित्र मोबाइलवर दादाला दाखवले. त्याने चष्मा वर केला, चित्र मोठे करून पाहिले आणि म्हणाला, "सुई बरोबर धरली आहे याने." मग थोड्या वेळाने, "नाना अशीच धरीत."

ते मला माहीत नव्हते. मी शेंडेफळ, मला आठवते तेव्हा घरची शिवण आईच्या हाती. दादाला आठवत होते की लांबच्या ड्यूटीवर, खंडव्याच्या रनिंग रूममध्ये नाना आपली बटणे आपण लावीत, सदऱ्याची फाटकी बगल आपण सांधीत. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत हिरव्या-लाल झेंड्यांखाली सुईदोऱ्याची पुरचुंडी असे. हे त्याने सांगितले आणि उठून ट्रंकेची किल्ली आणली. एवढेच म्हणाला, "कात्री मी लावणार नाही. तू लाव. पण मी समोर बसणार."

आता काम कसे केले ते क्रमाने सांगते. ज्यांना करायचे असेल त्यांनी कागद-पेन्सिल घ्यावी.

आधी कापडाची परीक्षा. कपड्याच्या आतल्या शिवणीतले दोन सूत काढून जाळून पाहा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरडली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर कृत्रिम धागा. तो आटत नाही, त्याच्या नादी लागू नका. टेरीवूलच्या पँटी इथे बाद. गुळगुळीत, चकचकीत सुटाचे कापडही नीट आटत नाही. ओव्हरकोट, ब्लेझर, खरखरीत ट्वीड, हातविणीचे शुद्ध लोकरीचे स्वेटर, ही मंडळी उत्तम. घोंगडीला मात्र कात्री लावू नये असे माझे मत आहे. चिंचोक्याची खळ पिऊन ताठ झालेली घोंगडी आपल्या जागी पुरी आहे. तिच्यावर आणखी चित्रे कशाला?

मग उसवणे. बटणे, अस्तर, खांद्यातले कापूस-कॅनव्हास सगळे काढायचे आणि कापडाचे भाग सुटे करायचे. दादा आणि मी दोघे मिळून दोन दुपारी उसवीत होतो. खिशाच्या तळाशी कोळशाची काळी पूड निघाली. बटणे सगळी एका काळ्या दोऱ्याने, कारखान्याच्या शिवणीची. चौथ्या बटणापाशी दादाचा हात थांबला. ते निराळ्या दोऱ्याने लावले होते. जाड, मेणचट सुतळीसारखा दोरा, चार वेळा भोकातून नेऊन मुळाशी पाचसहा वेढे देऊन आवळलेला. बाईचा हात नव्हे तो. आईने लावले असते तर रंगाला रंग मिळवला असता.

दादा म्हणाला, "हे उसवायचे नाही." मी म्हटले, "नाही." तो भाग आम्ही बटणासकट वेगळा ठेवला.

आटवण्याचे काम वॉशिंग मशीनमध्ये सोपे होते, कढत पाण्यावर एकदोनदा फिरवले की झाले. पण वहिनींनी आपले मशीन द्यायला साफ नकार दिला. लोकरीची लव जाळीत अडकते, आणि त्यांचे म्हणणे बरोबरच होते. देणाऱ्यांनी कपडा जुन्या उशीच्या अभ्र्यात बांधून घालावा. आम्ही बादली घेतली. पूर्वी विलायतेत हे काम पायांनी तुडवून करीत. वॉकर, फुलर, टकर ही इंग्रजी आडनावे या लोकर तुडवण्या-आटवण्याच्या धंद्यातूनच आलेली. म्हणजे चित्रातल्या त्या वॉकरचे कोणी पूर्वज याच कामातले असणार. मी हे मोठ्या कौतुकाने सांगितले. दादा म्हणाला, "नानांच्या कोटाला पाय लावायचा नाही." तेव्हा धोपटणे आणले. कढत पाणी, साबण, धोपटणे, मग गार पाणी, पुन्हा कढत. तीन वेळा केल्यावर कापड बोटाला जाड लागू लागले. बारीक भोके आपोआप मिटली. सावलीत सुकवून, ओल्या फडक्याखाली इस्त्री केली.

मोठी भोके राहिली, ती पंधरा होती. वहिनींनी मोजली. आणि तिथेच आमची नक्षी ठरली. निळ्या कापडावर जिथे जिथे भोक, तिथे तिथे चांदणी. चांदण्यांना पिवळा रंग मिळाला तो दादाच्या माकडटोपीतून. ती मोहरीच्या रंगाची टोपी त्याने वीस वर्षे घातली आहे आणि वहिनी वीस वर्षे ती जायची वाट पाहात होत्या. कोटाच्या बदल्यात टोपी, असा तह झाला. दादाचा आग्रह होता की सप्तर्षी नीट हवेत, नाना गच्चीवर सप्तर्षी आणि ध्रुव दाखवीत म्हणून. पण कसरीच्या अळीला खगोलशास्त्र येत नव्हते. शेवटी तीन चांदण्या भोके नसलेल्या जागी लावून आम्ही तिचे ज्योतिष सुधारले.

तुकडे कातरताना नमुना कागदावर काढून कापडाला टाचा, शिंप्याच्या खडूने रेघ ओढा आणि धारदार कात्रीने एका दमात कापा. कात्री कच खाल्ली की कड दातेरी येते. तुकडे जागी राहावेत म्हणून फ्युजिंगने चिकटवण्याची टूम निघाली आहे. मोठ्या तुकड्यांना ती लावू नका, गोधडी पुठ्ठ्यासारखी होते. दोन कच्चे टाके पुरतात. लांब नेढ्याची सुई घ्या, भरतकामाच्या सहा पदरी दोऱ्याचे दोन पदर घ्या आणि कडेने काजाचा टाका घाला. टाका खोल नको, फार तर एका तांदळाच्या दाण्याएवढा, आणि ओढून आवळायचा नाही. लोकर मऊ असते. आवळली की तिच्या अंगात खड्डा पडतो. चकतीवर चकती असेल तर आधी लहान मोठीवर टाचा, मग ती जोडी खालच्या कापडावर. सगळे एकदम टाचू गेलात तर सुई चार थरांतून ढकलावी लागेल आणि अंगुस्तान असूनही बोट दुखेल.

खालच्या अंगाला मी गार्डचा दिवा केला. एक जुना मोठा रुपया ठेवून लाल आणि हिरव्या चकत्या कातरल्या, नातवंडांच्या आखूड झालेल्या स्वेटरांतून. गाडी काढावी असे सगळ्यांचे मत पडले होते. मी नाही म्हटले. गार्डाला गाडी मागूनच दिसते, आणि रात्री तर दिवाच काय तो खरा.

कोटाचे सगळे भाग जोडून चार फूट बाय सहा फूट एवढे कापड झाले, एका माणसाला पुरेसे. लोकर उघड्या अंगाला टोचते, म्हणून खाली सुती अस्तर हवे. वहिनींनी कपाटातून आईचे शेवटचे लुगडे काढून दिले. ते त्यांनी इतकी वर्षे का ठेवले होते हे मी विचारले नाही. आत कापूस घालू नका, वजन पेलवत नाही. आणि आपल्या गोधडीसारखा भरगच्च धावदोराही घालू नका. हे दोन थर वीतवीत अंतरावर गाठी मारून बांधले की पुरते. धुणे शक्य तितके टाळा. उन्हात घाला, झटका. डाग पडलाच तर तेवढाच गार पाण्याने पुसा. आजी धाबळी नेसून सोवळ्यात वावरत, लोकरीला विटाळ नाही म्हणत. शास्त्राचे मला कळत नाही, पण लोकर मळखाऊ आहे हे खरे, आणि रोज धुवायची वस्तू ती नव्हे.

उरला तो बटणाचा तुकडा. तो कुठे लावायचा यावर आमचे दोन दिवस गेले. मी म्हणत होते, खालच्या कोपऱ्यात लावू, दिव्याच्या बाजूला; वर लावले तर झोपेत गालाला टोचेल. दादा ऐकेना. "नानांच्या हातचे टाके माझ्या पायाशी? अजिबात नाही." शेवटी उजव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यात लावला, उशाकडे. काजाचा टाका त्याला दादाने स्वतः घातला. चष्मा नाकावर, सुई त्या चित्रातल्या वॉकरसारखी धरलेली. टाके लहानमोठे आहेत. वहिनी म्हणाल्या, नीट करून घ्या तुम्ही. मी हात लावला नाही.

आता ती गोधडी रोज रात्री नाशिकच्या घरी पलंगावर असते. तिला वर-खाली आहे, हे घरातल्या कामवालीलासुद्धा माहीत झाले आहे. घडी घालताना ती आधी बटण चाचपते.